पाटी जुनी, रिव्हेट नवे

कारखान्यात त्यांना सगळे पाटीमामा म्हणत. एकतीस वर्षे त्यांनी एकच काम केले: तयार गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पत्र्याची पाटी चार रिव्हेट मारून बसवायची. गाडी कोणत्या देशाची, ते पाटीवर लिहिलेले असे आणि ते सारखे बदलत असे. मामा कामाला लागले तेव्हा गाडी देशातच घडत होती, तरी पाटीवर परदेशी तंत्रज्ञानाची शेखी ठळक अक्षरांत होती. पुढे इंजिन बाहेरून येऊ लागले आणि नेमके तेव्हाच पाटीवर 'संपूर्ण देशी' असे आले. मग परदेशी कंपनीने कारखाना विकत घेतला. पाटीवरून देश गेला, नुसते नाव उरले. मामांचा खांदा मात्र तोच राहिला आणि निवृत्तीनंतरही ठणकत राहिला.

आता त्याच परदेशी मालकांना देशप्रेमाचे भरते आले होते. कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त प्रदर्शन होते आणि त्याच्या मध्यभागी 'शेवटची देशी गाडी'. 'संपूर्ण देशी' पाटीची ही गाडी मामांच्या सुनेने शोधून काढली होती. प्रसिद्धी विभागात ती तीन वर्षे हंगामी होती; प्रदर्शन नीट पार पडले की कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. आता फक्त गाडीच्या दाखल्यावर जुन्या माणसाची सही हवी होती.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, चौकटीशी वाकून पाटीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

"बाबा, कंबर धरली का?"

"कंबर नाही गं. रिव्हेट बघ. गोल डोक्याचे आहेत."

"मग?"

"आपले चपटे असायचे. गोल नव्या मालकांनी आणले, पहिल्याच दिवशी. त्यांच्या पाट्या मात्र छापून आल्या नव्हत्या. फोरमन म्हणाला, जुन्याच ठोक, कोण बघतंय! तीन दिवस ठोकल्या. ही त्यातलीच."

सून गाडीच्या चौथऱ्याच्या पायरीवर बसली. "म्हणजे ही त्यांची?"

"कागदावर त्यांची. बाकी माणसं तीच, बाहेरचं इंजिनही तेच."

"सहा महिने घालवले हिच्यामागे. आधी नाही का सांगायचं?"

"आधी दाखवलीस कुठे?"

तिने सहीचा कागद पर्समधून काढून मांडीवर ठेवला. "सही करा, असं मी म्हणणार नाही, बाबा. करू नका, असंही म्हणवत नाही."

मामांनी कागद घेऊन बॉनेटवर ठेवला. 'ही शेवटची देशी गाडी असल्याचे प्रमाणित करतो' या छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'ही पाटी मी बसवली. रिव्हेट गोल डोक्याचे.' मग सही केली.

कागद वाचून साहेब खूश झाले. "वा! हातानं लिहिलेलं! हेच फ्रेम करा."

"सर, त्या गोल रिव्हेटचा अर्थ असा की..." सून सांगू लागली.

"तपशील नंतर," म्हणत साहेबांनी फोन कानाला लावला.

नोकरी कायम झाल्याचे पत्र पाचव्या दिवशी आले. सुनेने ते घडी घालून पर्समध्ये ठेवले, कुणाला दाखवले नाही. गाडीवरच्या फलकावर नाव 'शेवटची देशी गाडी' असेच राहिले. आठवडाभर लोक फ्रेम वाचून पुढे सरकत होते. मामा गाडीशेजारी खुर्ची टाकून रोज बंद होईपर्यंत बसत, कोणी रिव्हेटचे विचारलेच तर सांगायला.