पावसाळ्यात तोडलेल्या लाठ्या

रिटायर झालो तेव्हा सरकारनं पट्टा, बिल्ला, पगडी सगळं परत घेतलं. किस्से परत मागायचं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही! आता तर सरकारच बोचकं बांधून विलायतेला निघून राहिलं, म्हणजे मागणारा कोणी उरला नाही. पोलीस खात्यात किस्से कसे जमतात सांगू? धानाच्या कोठीमागं उंदीर जमतात तसे. एकाला हाकलायला जावं तर मागून त्याचं खटलं बाहेर पडते.

मी चैतराम. मराठी चौथी पास, तीसुद्धा मास्तर माझ्या खोड्यांना कंटाळला म्हणून! त्यामुळं शुद्धलेखन बघू नका. आमची चौकी दरेकशाच्या अलीकडं, रेल्वेच्या लाइनीला लागून. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सरकारी जंगल. जमादार होता रामाजी पटले, इथलाच माणूस, टेकडीपलीकडच्या गावचा. शिपाई सात-आठ, त्यातलेच फागू उईके आणि मी. आणि भंडाऱ्याहून अधूनमधून येऊन आमचा जीव खाणारा गोरा कप्तान साहेब.

आमच्या चौकीत सवाल नेहमी एकच असायचा. लोकांना मारायचं किती, आणि कशानं? ऐकता ऐकता तुम्ही हसाल. हसा. मीही हसलो होतो.

*

सुरुवातीला आमच्यावर एक फौजदार होता. नाव नाही सांगत, त्याची नातवंडं चांगली आहेत. त्याचा सारा तपास हाताच्या पंजात! बाजारात एकाची बकरी हरवली. फौजदारानं एक टोपल्या विकणारा गरीब माणूस धरून आणला आणि रामाजीला म्हणाला, "पटले, याले बोलता कर."

रामाजीचा हात तेव्हा जड होता. पहिल्या थापडीत टोपलीवाल्यानं बकरी कबूल केली. दुसऱ्या थापडीत मागच्या साली गेलेला कोणाचा तरी बैल कबूल केला. फौजदार खूश! म्हणाला, "थांबू नको, स्टेशनातला कंदीलही गेला आहे." तोही कबूल!

सांजेला बकरी आपल्या पायांनी चालत आली आणि चौकीच्या पायरीवर उभी राहून ओरडू लागली. मालक धावला, "हीच जी माझी!"

फौजदारानं बकरीकडं पाहिलं, टोपलीवाल्याच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि उलटा त्याच्यावरच उखडला, "मंग तू कबूल कायले केलं बे?"

टोपलीवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, थांबा जरासा. कंदील बी येईनच!"

आम्ही पोट धरून हसलो. रामाजी मात्र त्या दिवशी जेवला नाही. चौकीत त्याचा हात पुन्हा कोणावर उठलेला मी पाहिला नाही.

*

पुढं फौजदाराची बदली झाली आणि रामाजीनं आपली वेगळी तऱ्हा काढली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, बाप्यांनीच बाया होऊन नाचायची दंडार, आणि मोहाच्या दारूची कृपा. एका मंडईत दोन गावांचे लोक भिडले. दगड उडून राहिले, पानठेला आडवा झाला, दंडारीतली गवळण साडी सावरत, मिशा दाखवत पळाली!

रामाजी लाठी घेऊन घुसला. मला वाटलं, आता पाच-दहा डोकी जातात. त्यानं केलं काय, तर तेलवाल्याचा रिकामा पत्र्याचा कनस्तर ओढला आणि त्यावर लाठीनं असे दणके घातले, की बैलांनी दावी तोडली. जो तो ज्याचे त्याचे बैल धरायला धावला. भांडायला माणूसच उरला नाही!

कप्तान साहेबानं रिपोर्ट मागवला. जखमी किती? एकही नाही. साहेब भडकला. "दंगा झाला आणि जखमी नाही? मग पोलीस काय करत होते?" रामाजीला ठपका आला.

पुढच्या मंडईत पुन्हा मारामारी, पुन्हा कनस्तर. या वेळी रामाजीनं रिपोर्टात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जखमी : एक.' साहेबाचं समाधान झालं.

जखमी म्हणजे रामाजीचा अंगठा. कनस्तराची धार लागली होती!

*

मग साहेबाला ट्रेनिंगचं वेड लागलं. लाठी कशी मारावी, याचा कायदा असते म्हणे! डोक्यावर मारायची नाही, छातीवर नाही. कमरेच्या खालीच मारायची. साहेब म्हणाला, "लाठी ही दयेची चीज आहे. जीव जात नाही, अक्कल येते." आमच्या पाठीवर मास्तरनं शाळेत एवढी अक्कल लावली, कुठं आली?

सरावासाठी धानाच्या तणसाचा पुतळा करायचं काम माझ्याकडं आलं. आता मला असं काम देणाऱ्याचीच चूक! मी पुतळ्याला रामाजीची जुनी पगडी बांधली. मिशा लावल्या. पोट जरा जास्तच भरलं.

फागूनं लाठी उचलली आणि तशीच खाली केली. साहेब ओरडला, "मारता का नाही?"

फागू म्हणाला, "साहेब, वळखीचा दिसते!"

साहेबाला राग आला म्हणून फागूनं डोळे मिटून मारायला सुरुवात केली. त्याच वेळी टेकडी उतरून सेवंतामाय आली. रामाजीची आई. बाजाराच्या दिवशी लेकाला भाकर आणायची. लांबून तिला दिसलं काय? लेकाची पगडी, लेकाचं पोट, आणि वर लाठ्या! शिदोरी टाकली, फागूच्या हातची लाठी हिसकली आणि फागूलाच धोपटला. फागू अंगणभर पळे, माय मागं! "माह्या लेकराले मारतं मेल्या? माह्या रामाले?"

रामाजी खरोखरचा आतून धावत आला, तेव्हा कुठं ती थांबली. साहेबाला सांगितलं, जमादाराची आई आहे. साहेबानं तिच्याकडं पाहिलं आणि आम्हाला म्हणाला, "बघा, शिका! सगळे फटके कमरेच्या खाली!"

पुढं कित्येक दिवस फागू उभ्यानं जेवला. माय मात्र आल्या दिवशी त्याला चिडवायची, "नियमानं मारलं ना गा, फागू?"

*

लाठी झाली, मग बंदूक. चौकीत जुन्या जाड नळीच्या बंदुका होत्या. साहेब म्हणाला, यात गोळी नाही घालायची, छर्रे घालायचे. गोळी माणूस मारते, छर्रा फक्त पांगवतो. तोही दयेचाच! या साहेबाच्या दयेला अंत नव्हता.

दाखवायला त्यानं बांधावर कोहळ्यांची रांग लावली. मधल्या कोहळ्यावर रामाजीला नेम धरायला लावला. धडाम! धूर गेला. मधला कोहळा फुटला, त्याच्या बाजूचे दोन्ही फुटले, आणि पल्याडच्या वाडीतल्या वेलावरचा, ज्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तोही गळू लागला.

मी म्हणालो, "वा जमादार! एका दमात भाजी!"

रामाजी हसला नाही. वाडीतल्या कोहळ्यातून पाणी टपकत होतं, तिकडंच पाहत राहिला. मग साहेबाला म्हणाला, "नेम एकावर धरला जी. मंग धरायचाच कायले?"

साहेबानं फुटलेले कोहळे उचलायला सांगितले.

*

त्याच साली जंगलाचा कायदा मोडायचं वारं आलं. सरकारी जंगलातलं गवत परवानगीशिवाय कापायचं आणि उघड कापायचं. पावसाळ्यात रामाजीची माय भिजत चौकीवर आली. म्हणाली, "छप्पर गळून राहिलं, रामा. दिवाळी झाली की आमी समदे जंगलात गवताले जाणार. तुह्या आजानं तिथूनच आणलं, आमी बी तिथूनच आणू."

रामाजी म्हणाला, "माय, तू नोको येऊ वं."

"तू नोको येऊ!" माय म्हणाली आणि गेली.

आठवड्याच्या आत साहेबाची ऑर्डर आली : जुन्या लाठ्या जमा करा, नव्या तयार ठेवा. आता ऐका. आमच्या झाडीपट्टीत पावसाळ्याचा बांबू कोणी तोडत नाही. तेव्हा तो रसानं भरलेला असते, त्याला हमखास घुण, म्हणजे आतून पोखरणारी कीड, लागते. दिवाळीनंतर तोडावा, चुलीवरच्या धुरात पिकवावा, तेव्हा तो जन्मभर जाते. हे रामाजीला ठाऊक, फागूला ठाऊक, चौकीच्या मांजरीलासुद्धा ठाऊक.

रामाजी भर पावसात म्हणाला, "फागू, जाऊन तोडून आण."

फागूनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. "आत्ता?"

"ऑर्डर आहे."

फागूनं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. आणलेल्या लाठ्या आम्ही कोपऱ्यात उभ्या केल्या. दसऱ्यापर्यंत आतून पिठासारखा भुसा गळायला लागला. मी रोज झाडून काढायचो आणि वरून तेल चोळायचो. अशा चकाकत होत्या, नवरदेवाच्या हाती द्याव्या! साहेबानं एक लाठी उचलून पाहिली, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "वेरी गुड, जमादार!"

आयुष्यात मी लई खोड्या केल्या. पण अशी खोडी मलाही सुचली नसती!

*

दिवाळी झाली. एका सकाळी टेकडीपलीकडचं गाव जंगलाच्या तोंडाशी उभं राहिलं. बायका विळे घेऊन, माणसं खांद्यावर कावडीचे दांडे घेऊन. पुढं सेवंतामाय, हातात आपली काठी टेकत. इकडं आम्ही रांगेत, लाठ्या हातात, बंदुका पाठीला. बाजूला कप्तान साहेब. त्यानं पांगायला सांगितलं. कोणी हाललं नाही. माय खाली वाकली आणि गवताची पहिली मूठ कापली.

साहेब म्हणाला, "लाठी!"

आम्ही धावलो. फागूनं एकाच्या मांडीवर मारली. कट्! लाठीचे दोन तुकडे, आणि पिवळा भुसा त्या माणसाच्या धोतरावर. मी मारली, माझीही मोडली. रामाजीची तर हवेत उगारतानाच मोडली! सगळीकडं कट् कट् आवाज, आणि आमचे मिशावाले शिपाई हातात वीतभर बांबू घेऊन उभे!

आधी एक बाई हसली. मग सारं गाव हसलं. कावडीच्या दांड्यांवर रेलून लोक हसले. फागू हसला, मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रामाजीही हसला, बकरीच्या किश्श्यानंतर पहिल्यांदा.

साहेब हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "बंदुका. छर्रा भरा."

हसू असं थांबलं, की मला रेल्वेच्या तारा गुणगुणताना ऐकू आल्या. लाठी मोडली, तर तिच्यामागं काय उभं आहे, याचा विचार आमच्यातल्या एकानंही केला नव्हता. एकानंही नाही!

आम्ही भरल्या. साहेब म्हणाला, "जमादार, नेम धरा."

रामाजीनं विचारलं, "कोणावर, साहेब?"

"समोर."

समोर माय होती. तिच्या बाजूला शेजारीण, शेजारणीच्या कडेवर लेकरू, मागं गावचा पाटील, त्याच्या मागं फागूचा साळा. रामाजीनं बंदूक वर केली आणि मला तो वाडीतला गळणारा कोहळा दिसला.

माय गर्दीतून बाहेर आली. साहेब ओरडला, ती थांबली नाही. चालत चालत लेकाच्या बंदुकीच्या नळीपाशी आली. हातातली काठी तिनं पुढं केली. सासऱ्याच्या हातची काठी, धुरात पिकून काळी झालेली.

"हे घे," ती म्हणाली. "याले घुण नाई लागली. ते ठेव खाली."

रामाजी हालला नाही.

"घे ना गा. तुह्या साहेबाले मारच पायजे ना? मंग यानं मार. ते ठेव."

मागून पाटील आला. त्यानं आपला कावडीचा दांडा माझ्या पायापाशी टाकला. मग फागूच्या साळ्यानं फागूपुढं टाकला. मग एकेक करत सारे आले. आमच्यापुढं पक्क्या बांबूंचा ढीग पडला, आणि ज्यानं दांडा टाकला तो तिथंच, आमच्याकडं पाठ करून बसला.

साहेब त्या ढिगाकडं पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "लाठी."

रामाजीनं बंदूक गवतावर ठेवली आणि मायच्या हातची काठी घेतली. माय वळली, पाठ करून उभी राहिली, पदर कमरेला खोचला.

"कमरेच्या खाली, रामा," ती म्हणाली. "नियमानं."

बंदुका त्या दिवशी भरल्या तशाच चौकीत परत आल्या.

रामाजीचे फटके पडले, पण ती काठी मोडली नाही.