भरतीची चाचणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. खाडीपलीकडच्या त्या गावाचं पाणी तुटलं ते पंपावरच्या माणसाच्या झोपेमुळे नाही. माझ्यामुळे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी रेडिओ बनवते. गाण्यांचे नव्हेत. टाकीत पाणी किती, व्हॉल्व्ह उघडा की बंद, असले निरोप तारेशिवाय पोचवणारे करडे डबे. एक टाकीवर, दुसरा पंपघरात, मध्ये मोकळं आकाश. ते बसवून, चाचणी घेऊन सुरू करून देणं हे माझं काम. त्यातच केस पांढरे झाले.

मध्ये खाडी असली की आमच्याकडे एक नियम आहे. चाचणी ओहोटीला घ्यायची, आणि पुन्हा भरतीला. चिखलावरून ठणठणीत पोचणारा निरोप पाणी चढलं की मधेच विरू शकतो. म्हणून आमच्या टेबलाशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा टांगलेल्या असतात. हा नियम नव्यांना मीच शिकवतो.

त्या गावाची टाकी खाडीपलीकडे, पंपघर अलीकडे. तिथे डबे बसवले त्या दिवशी ओहोटीची चाचणी उत्तम झाली. भरतीला बराच अवकाश होता. ऊन रणरणत होतं, रिक्षावाला "साहब, कितना बैठना है?" म्हणून कुरकुरत होता. कारण विचाराल तर एवढंच, की कंटाळा आला. दोन्ही चाचण्या ठीक, असं ऑफिसला फोनवर सांगून मी निघालो.

पुढे उधाणाच्या एका दुपारी निरोप तुटला. आधीही तुटत असणार, पण भरती उतरेपर्यंत टाकी पुरत होती. त्या दिवशी गावात हळद होती, घराघरांतून पिंपं भरली जात होती. आणि आमच्या त्या डब्याची खोड अशी, की निरोप तुटला तरी शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहतो. पंपावरच्या काकांना टाकी भरलेलीच दिसत राहिली. भरती ओसरली तसा खरा आकडा आला. त्यांनी धावत पंप लावला, पण तोवर नळ कोरडे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. टाकीखाली गाव जमलं होतं.

"हलदीचा नवरा खाऱ्या पाण्यात बुचकळला आमी!" एक बाई ओरडत होती.

"कुंभकर्ण हाय तो. जेवला का आडवा."

"नाय वो, मी जागाच होतो," काका म्हणत होते. "टाकी भरलेली दिसत होती."

सरपंच माझ्याकडे वळले. "सायेब, तुमीच सांगा. मशीन बिघडलंय का?"

काय झालं असेल ते मला येतानाच कळलं होतं. तरी मी डबा उघडला, उगाच वायरी चाचपल्या, बंद केला. "मशीन ठीक आहे," म्हणालो. शब्द खोटे नव्हते. गर्दीतून कुणीतरी हसलं. काका माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी पुढे बोलेन म्हणून.

काही दिवसांनी सर्व्हिसिंगच्या नावाखाली जाऊन मी अँटेना पाइपभर वर चढवली. यावेळी भरतीला थांबलो. निरोप तुटला नाही. पंपघरात तोवर दुसरा माणूस आला होता.

परवा, इतक्या वर्षांनी, बोईसरच्या बाजारात, सुकटीच्या पाट्यांपाशी, काका भेटले. खूप वाळलेत.

"वळखलं का सायेब? कुंभकर्ण," म्हणाले आणि स्वतःच हसले. मग जरा थांबून, "तवा मी लय भांडलो. पन सगली इतकी वर्सं बोलतात, तर आता मलाबी वाटतं, लागला आसल डोला. जेवून बसलो होतो ना."

मी काय म्हणालो? "तब्येत जपा काका." आणि सुक्या कोळंबीचे सोडे कसे दिले ते पाटीवालीला विचारलं.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. सोडे घरात होतेच, बायको म्हणाली. लपवायचाही आता कंटाळा येतो. त्या माणसाची जागा गेली, नाव गेलं, हे मला ठाऊक होतं. त्याला त्याच्या स्वतःच्या जागेपणाचीही खात्री उरली नाही, हे परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

काका जागे होते. हे आधी त्यांना, आणि मग त्या टाकीखाली सगळ्या गावाला सांगायचं आहे. एवढं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.