एकाच बाजूने ओढलेल्या रेघा

प्रयोगशाळेचे प्रमुख नीलकंठ सर यांचा संशोधनाचा पेपर छापून आला त्या दिवशी शरदिनीने तो तीनदा वाचला. पाच नावं होती, तिचं नव्हतं. शेवटच्या आभारांतसुद्धा नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काशीच्या पंचगंगा घाटावरच्या गल्लीत वाढलेली ही भिक्षुकाची मुलगी अकरा वर्षं लेझरच्या प्रयोगशाळेत कंत्राटी तंत्रज्ञ होती. काम नाजूक. लेझरचे अतिसूक्ष्म ठोके काचेच्या पोटात नेमके टेकवायचे आणि काच हळूहळू सरकवायची. वरून काच शाबूत, आत मात्र केसाहून बारीक रेघ उमटते आणि उजेड नळीतल्या पाण्यासारखा तिच्यातून वाहतो. अर्थात नीट उमटली तर. शरदिनी प्रत्येक रेघ डावीकडून उजवीकडेच ओढी. टोक गाठलं की लेझर झाकायचा, तसंच परत यायचं, पुन्हा डावीकडून सुरुवात. या यंत्रावर उलटी ओढलेली रेघ आंधळी निघते, तिच्यातून उजेड जातच नाही, हे तिनं दोन वर्षं काचा फुकट घालवून शोधलं होतं. संशोधन करणारी मुलं म्हणत, दीदी परिक्रमा करतायत. सर मूळचे पुण्याचे. तेही हसले होते. भिक्षुकी घरची सवय, म्हणाले, आणि पेपरात त्याचा उल्लेखच केला नाही.

मग तिनंही तोंडाला कुलूप घातलं.

पुढच्या प्रकल्पाला मंजुरी द्यायची की नाही, हे ठरवायला दिल्लीहून समिती येणार होती. वेळ वाचावा म्हणून सरांनी आदल्या दिवशी स्वतःच यंत्राला जाता-येता, दोन्हीकडून रेघा ओढायला लावलं. शरदिनी शेजारीच उभी होती. एका शब्दानं निभावलं असतं. तो तिनं उच्चारला नाही, आणि खोटं कशाला बोला, तिला मनातून गुदगुल्या होत होत्या.

समितीसमोर लाल उजेड सोडला. वीस रेघांतल्या दहा काळ्याच राहिल्या. समितीतल्या बाईंनी कारण विचारलं. सरांनी काच पुन्हा न्याहाळली. ते शरदिनीकडे वळले.

"ताई, तुम्हाला माहीत असेल. सांगा ना."

"पेपर तुमचा आहे, सर," ती शांतपणे म्हणाली. "त्यात लिहिलं असेल."

बाईंनी पेपर उघडून पाचही नावं वाचली आणि शरदिनीला तिचं नाव विचारलं. तिनं ते सावकाश, आडनावासकट सांगितलं.

प्रकल्प गेला. त्याच्याबरोबर आपली नोकरीही जाणार, हे तिला त्या सकाळी घरातून निघतानाच ठाऊक होतं. तरी ती ठेवणीतली बनारसी नेसून आली होती.