दिवस मावळल्यावरचं पाणी

"जाऊन आलाय काय?"

निपाणीच्या स्टँडवर गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला आप्पा हे विचारायचे. चिकोडीकडचा माणूस दिसला की तेच कन्नडमध्ये, "होगि बंद्रेन्री?" कुठं जाऊन यायचं हे वेगळं सांगावं लागत नसे, कारण विचारताना त्यांचा हात कोपऱ्यातल्या मुतारीकडे वळलेला असे. ते तिथं कंट्रोलर होते. गाड्या वेळेवर सोडणं हे त्यांचं काम, आणि कुणासाठी तरी गाडी मधेच थांबवावी लागली की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

निवृत्तीनंतरही ही सवय गेली नाही. गल्लीतून लग्नाला जीप निघाली की आप्पा दाराशी उभे. एकदा त्यांनी घोड्यावर बसायला निघालेल्या नवरदेवालाही विचारलं. नवरदेवानं क्षणभर विचार केला, मुंडावळ्या वर धरल्या आणि तो जाऊन आला. वाजंत्रीवाले थांबून राहिले. आप्पांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं, त्यामुळं मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही. घर जैनांचं आणि आप्पा नेमाचे पक्के. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. उन्हाळ्यात अंगाची काहिली झाली तरी ते संध्याकाळी तांब्या पालथा घालायचे आणि सकाळपर्यंत त्याच्याकडे बघायचे नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी स्नेहा लग्न होऊन सांगलीला होती.

मग जावई अचानक गेले. स्नेहानं डोळे पुसले, नर्सिंगचं शिक्षण झालेलं होतं, पुण्यात नोकरी धरली आणि आपल्या लेकीला, आरूला, आप्पांकडे ठेवलं. आरू तेव्हा तीनेक वर्षांची होती. स्नेहाला जी खोली मिळाली तिची मालकीण सरळ होती. पोरगी आणा म्हणाली, पण गादी माझी आहे, रात्री भिजवणारं मूल नको. आणि आरू रोज रात्री न चुकता भिजवायची.

तर असा मामला होता. आरू कोरडी उठायला लागली की आई तिला न्यायला येणार. हे आरूलाही माहीत होतं.

आप्पांनी हे काम स्टँडवरच्यासारखंच हातात घेतलं. वाकळेखाली रबरी कापड घातलं. झोपायच्या आधी एक फेरी, मग ते स्वतः झोपायला जाताना पोरीला खांद्यावर घेऊन अंगणाच्या कडेला दुसरी फेरी, तोंडानं "शूऽऽ". काम झालं की म्हणायचे, "सुटली गाडी." सकाळी आरू कोरडी उठली तर ती विनाथांबा. नाहीतर वाकळ कुंपणाच्या भिंतीवर वाळत पडायची आणि सगळ्या गल्लीला निकाल कळायचा.

गल्लीनं सल्ले दिले. कुणी तीळगूळ चारा म्हणालं, कुणी दृष्ट काढा म्हणालं. समोरच्या काकूंचं मत, दोन रट्टे दिले की आपोआप राहील. आप्पा म्हणाले, "गाडी बंद पडली म्हणून डायवरला मारत्यात व्हय?" ते कधी तिच्यावर ओरडले नाहीत, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

त्यांचा खरा भरवसा आपल्या नेमावर होता. दिवसभर आरूला ते मागेल तेवढं पाणी द्यायचे, स्वतःहूनही पाजायचे. दिवस मावळला की म्हणायचे, "आता टाकी बंद." फारच रडली तर एखादा घोट. हळूहळू भिंत रिकामी राहायला लागली. पुढं पुढं तर वाकळ दिसली की आम्हीच एकमेकींना विचारायचो, आज काय झालं म्हणून.

"आप्पा, आता स्नेहाला कळवा की," मी म्हटलं.

"बघू. जरा पक्कं हू दे."

पक्कं होण्याऐवजी उलटंच झालं. वाकळ पुन्हा रोज भिंतीवर. स्नेहा फोनवर विचारायची आणि आप्पा मोठ्यानं सांगायचे, "न्हाय गं, आजबी वलं." काकूंनी पुन्हा रट्ट्यांचा विषय काढला. मला काही कळेना. पोरगी तीच, रबरी कापड तेच, नेमही तोच.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले, बिनलसणाची. बाहेर अंधारून आलं होतं, देवापाशी दिवा लावलेला होता. आप्पा पाटावर बसलेले. मांडीवर आरू. आणि ज्या माणसाच्या घरात त्या वेळी तांब्या पालथा असायचा, त्याच्या हातात साखरपाण्याचा मोठा पेला होता.

"अजून येक घोट. माझ्या सोन्याचा."

"पुरे आप्पा. पोट दुखतंय."

"येकच."

मी दारातच थांबले. आप्पांनी मान वर केली. पेला खाली ठेवला नाही, तसाच हातात राहिला.

"ल्हान पोरास्नी चालतंय आमच्यात," ते म्हणाले.

"चालतंय. पण तिनं कुठं मागितलं?"

आरू उतरून माझ्याकडे आली आणि माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "मावशी, मी रोज रोज करत्ये. म्हणून मम्मी येईना."

तिनं तक्रार केली नव्हती. एखाद्याला आपलं नाव सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मला आप्पांचा राग आला, फार राग आला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तो तिथंच थंडावला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पोरगी गेली की घर खायला उठेल, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. ती स्वतःला दोष देत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते उठले, अंगणात गेले, पेला तुळशीत ओतला. मग आत येऊन माझ्यासमोरच फोन लावला.

"स्नेहा, पोरगी कोरडी हाय. यिऊन घिऊन जा."

पलीकडून ती म्हणाली असणार की सकाळी तर ओलं सांगितलंत.

"ती चूक पोरीची न्हवं," आप्पा म्हणाले. "माझी. मीच पाजत होतो." थोडं ऐकून घेतलं. "व्हय. मुद्दाम."

फोन ठेवून त्यांनी आरूला समोर उभं केलं आणि सांगितलं, "तू काय केलं न्हाईस. आप्पानं केलं." आरूनं त्यांना माफ केलं की नाही कोण जाणे, कारण तिला लगेच चटणी-भाकरी हवी झाली.

स्नेहा पुढच्या रविवारी आली. बापाशी फारसं बोलली नाही, पण जाताना पाया पडली. आप्पा त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून आले आणि अंगण झाडत बसले. ते सकाळीच झाडून झालेलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी अंगणातून त्यांचा फोन ऐकू यायचा.

"कोरडी?" मग, "शाबास."

मी खिडकीतून विचारायची, काय म्हणते आरू? ते "कोरडी" म्हणायचे, ते कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसं. रोज बातमी चांगली असायची आणि रोज आप्पा थोडे वाळत चालले होते.

एक दिवस ते माझ्या दारात आले. "स्नेहा म्हणत्या, आता ह्ये इचारू नका. पोरगी मोठी झाली, तिला लाज वाटत्या."

"खरं आहे की."

"खरं हाय," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. "मग आता काय इचारू फोनवर, आक्का?"

मी म्हटलं, जेवली का विचारा, शाळेत काय शिकवलं विचारा. माणसं विचारतातच ना काहीतरी. त्यांनी मान डोलावली आणि तिथंच, माझ्या पायरीवर बसून फोन लावला. पलीकडं आरूच होती. ती काहीतरी भराभर सांगत होती. आप्पा ऐकत राहिले. मी खुणेनं म्हटलं, विचारा.

"आरू," ते म्हणाले, "मला करमत न्हाय गं."