हं, ठेवते

"तुमच्यात सुतक पाळत नाहीत ना गं? मग पंधरा दिवस कशाला हवेत तुला?"

मुख्याध्यापिका बाईंनी मला हे विचारलं, तेव्हा माझी आई जिवंत होती. नाशिकच्या दवाखान्यात, उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली, पण जिवंत. मी आखातातल्या एका शाळेत, बाईंच्या केबिनमध्ये, टेबलासमोर उभी. रजा मागायला गेले होते. मी म्हणाले, "ताई, आई अजून आहे."

"अगं हो, होईल बरी. मी आपलं एक धरून चालले."

धरून चालल्या. माझ्या आईचं मरण धरून चालल्या, आणि वर आमच्या मरणाला सुट्टी कमी लागते हेही ठरवून मोकळ्या झाल्या. बोलताना आवाज इतका गोड की बाहेरून कुणाला वाटावं, बाई माझी समजूत घालतायत.

परक्या बाईनं हे म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. आजवर काय कमी गिळलंय. पण ही बाई माझी ताई होती. मी केलेली नाही, स्वतःहून झालेली.

मी इंग्रजी शिकवते. त्या शाळेची मुलाखत नाशिकहून मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं दिली होती. "नाशिकमध्ये कुठं?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, पंचवटी. त्या खुर्चीत उडाल्याच. "अगं, माझं माहेर पंचवटीतलं! तू तर आपल्याकडची निघालीस!" आई काय करते विचारलं. मी म्हणाले, बाजारात भाजी विकते. "म्हणजे मार्केटमध्ये गाळा असेल." मी म्हणाले, गाळा नाही, गोणपाट. त्यांना तो विनोद वाटला. खूप हसल्या. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. त्यांनी अंदाज बांधला तो स्वतःच्या सोयीचा बांधला, आणि मला नोकरी मिळाली.

तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम काय म्हणतेस? ताई म्हण." परक्या मुलखात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की जीव भांड्यात पडतो. माझाही पडला. आईनं दिलेल्या खुरासणीच्या चटणीची बरणी मी त्यांना दिली. बोटं चाटून खाल्ली बाईंनी. "माहेरची चव गं!" माझा पासपोर्टही त्यांनीच मागून घेतला. सगळ्या शिक्षकांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असायचे. "तुम्ही पोरी हरवाल, माझ्याकडे राहू दे." मी दिला. ताईकडे आहे म्हणजे काळजीच नाही, असं वाटलं होतं मला.

आईचा फोन मधल्या सुट्टीत यायचा. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडून बोलायची. तिचा आवाज स्टाफरूमभर ऐकू जायचा. "बाय, जेवली का? ऊन लय हाय का तिकडं?" सगळे हसायचे. बाजारात काय भाव चाललाय, शेजारणीशी कशावरून वाजलं, सगळं सांगून झालं की म्हणायची, "चल, जय भीम." मी म्हणायची, "जय भीम, आई." आमच्या घरात फोन असाच ठेवतात.

एके दिवशी ताई बाजूला चहा ओतून घेत होत्या. किटली हवेतच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, म्हणजे तू... म्हणजे तुम्ही... बरं बरं. छान." मग स्वतःहूनच, "आमच्यात असलं काही नसतं हो." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंचे उपवास वाढले. सोमवारी सोमवार, मंगळवारी मंगळवार, गुरुवार तर होताच. माझा डबा उघडला की त्यांचा उपवास सुरू. दुसरी चटणीची बरणी तशीच परत आली. "डॉक्टरांनी तिखट बंद केलंय गं." त्याच दिवशी दुपारी त्या दुसऱ्या बाईंच्या डब्यातला ठेचा खात होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, सगळ्या मराठी बायका नटून गेल्या. मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुला चालणार नाही ना, म्हणून मुद्दाम बोलावलं नाही हं." नाही बोलावलं तेही माझ्याच भल्यासाठी! मी म्हणाले, असू दे ताई. आतून कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. त्या देशात माझं म्हणावं असं दुसरं होतं कोण?

मग एक दिवस मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ते फोनवरचं तुझं जरा हळू म्हणत जा हं. पालक येतात-जातात. इथं राजकारण नको." त्या स्वतः प्रत्येक फोन "श्रीराम" म्हणून ठेवायच्या. मोठ्यानं. ते राजकारण नव्हतं.

मी हळू म्हणायला लागले. मग पुटपुटायला लागले. मग आईचं बोलणं संपत आलं की "हं, ठेवते" म्हणून मीच आधी फोन ठेवायला लागले. आईच्या ते लक्षात आलं असणार. ती काही बोलली नाही. धाकटा भाऊ बोलला. तो मनमाडला रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला आहे. म्हणाला, "ताई, तू आता जय भीम म्हणत नाय का?" मी म्हणाले, अरे घाईत असते. तो म्हणाला, "घाईत तर आई बी असती."

आईचा शेवटचा फोन आला तेव्हा ताई समोरच्या खुर्चीवर वह्या चाळत बसल्या होत्या. आई म्हणाली, "चल बाय, जय भीम." मी त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हं, ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाजारातच, मेथीच्या जुड्या लावता लावता कोसळली. भावाचा फोन आला. "ताई, आई बोलत नाय. नुसती बघती. तू ये." तो रडत नव्हता, धापा टाकत होता.

म्हणजे आईला बोलता येत होतं तोवरचं माझं शेवटचं उत्तर ते होतं. हं, ठेवते. ते उत्तर माझं नव्हतं. माझ्या तोंडातलं काढून घेऊन तिथं ते ठेवलं गेलं होतं, खांद्यावर हात ठेवून, गोड आवाजात.

हे डोक्यात घेऊन मी केबिनमध्ये उभी होते, आणि बाई सुतकाचं विचारत होत्या.

पुढं म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आलीय. भाऊ आहे ना तिथं? त्याच्या बायकोनं करावं. तू जाऊन काय करणार, डॉक्टर आहेस का?" मागच्याच सत्रात स्टाफमधल्या एका बाईंचे सासरे वारले. सासरे! तेव्हा हीच ताई स्वतः गाडी काढून त्यांना विमानतळावर सोडून आली होती. "सगळं नीट उरकून ये, घाई करू नकोस," असं आमच्यासमोर म्हणाली होती. तेव्हाही परीक्षा तोंडावरच होती.

मी म्हणाले, "मॅडम, माझा पासपोर्ट द्या."

त्यांनी चमकून वर बघितलं. "मॅडम?"

"हो. मॅडम. पासपोर्ट द्या."

"आत्ता कपाट उघडता येणार नाही. दोन दिवसांनी बघू."

समोरच्या खुर्चीवर त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं. मी बसले. बाहेर पालक ताटकळत होते, शिपाई दोनदा डोकावून गेला. मी हलले नाही. ओरडले नाही, रडलेही नाही. मला तेव्हा आई दिसत होती, गोणपाटावर मांडी घालून बसलेली. बाजारातल्या दादा लोकांनी उठवायला यावं आणि तिनं म्हणावं, "नाय उठत, जा." तसं बसायला मला येत होतं. लहानपणापासून बघितलं होतं.

शेवटी त्या उठल्या. कपाट उघडलं. पासपोर्ट हातात दिला नाही, टेबलावरून सरकवला. "गेलीस तर परत येऊ नकोस. तुमच्या लोकांना जवळ केलं की हे असं होतं."

इतके दिवस बाईंच्या पोटात होतं ते एकदाचं ओठांवर आलं. मी पासपोर्ट उचलला आणि निघाले.

नाशिकला पोचले तेव्हा आई डोळे उघडे ठेवून पडली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हणाले, "जय भीम, आई!" नर्स धावत आली, "अहो, हळू." मी पुन्हा म्हणाले. आईनं डावा हात माझ्या वेणीला लावला. तिच्या ओठांची नुसती हालचाल झाली. शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. महिन्याभरात ती गेली.

तिकडच्या एका शिक्षिकेनं मला कळवलं, बाईंनी वर्गात जाऊन माझ्या मुलांना सांगितलं, "तुमच्या मॅडम न सांगता पळून गेल्या." सातवीचा वर्ग. ज्यांना मी खरं बोलायला शिकवत होते, ती मुलं.

आईचा जलदानविधी झाला. त्यानंतर एका संध्याकाळी बाईंचाच फोन. "अगं, आईचं कळलं. फार वाईट झालं. हे बघ, तुझी जागा अजून भरलेली नाही. मुलं तुझं नाव काढतात. मॅनेजमेंटपुढे फक्त एवढं म्हण, माझं चुकलं, भावनेच्या भरात निघून गेले. बाकी मी सांभाळते. मी तुझी ताईच आहे ना?"

भाऊ शेजारी बसला होता. घरात आईची भाजीची पाटी, गोणपाट, सगळं जागच्या जागी होतं. नोकरीची गरज होती, नाही असं कशाला म्हणू? बाईंनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच फोन आला होता. मी म्हणाले, "मॅडम, मी पळाले नाही. तुमच्यासमोर बसून, पासपोर्ट मागून घेऊन आले. ते आधी माझ्या मुलांना सांगा. आणि ताई म्हणू नका स्वतःला. ताई मी आहे, माझ्या भावाची."

मग म्हणाल्या, "शांत झालीस की विचार कर. श्रीराम."

मी म्हणाले, "जय भीम. ठेवते."

मी पुन्हा बाहेरदेशी जाणार आहे. अर्ज केलेत. मला शिकवता येतं, आणि जग काही त्या बाईंच्या माहेरचं नाही. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहील, कुणाच्या कपाटात जाणार नाही. माझा डबा ज्याला खायचा तो खाईल, ज्याचा उपवास असेल त्यानं उपाशी राहावं. आणि पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, भरल्या स्टाफरूममध्ये मी भावाला फोन लावणार आहे. त्याला चांगलं ऐकू येतं. तरी शेवटचं वाक्य मी आईएवढ्या मोठ्यानं म्हणणार आहे, आणि मगच फोन ठेवणार आहे.