तुसाची भिंत

सुतारमामांनी पहिल्या भेटीत माझी नव्हे, माझ्या पेटीची विचारपूस केली. महाडजवळच्या नाते गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती आणि त्यांच्या घरातली एक खोली मी भाड्याने घेतली होती. कपाळावर घाम, हातात रंधा, अशा अवस्थेत ते पुढे आले आणि माझ्या लाकडी पेटीवर बोटाच्या पेराने ठोकून त्यांनी कान लावला. "पेटी चांगली हाय बाई, पण बोलते फार. खाली गोणपाट घाला, नायतर उंदीर नाचला तरी झोप लागायची नाय."

लाकूड दिसलं की ते ठोकून बघत. शाळेचा बाक, देवळाचं दार, सोयरिकीला गेले तर तिथला पाट, काहीही. महाड-पोलादपूरकडे हायवेला घर असलेली माणसं त्यांना मुद्दाम बोलावून नेत, कारण ट्रकांचा आवाज अडवणारी फळ्यांची भिंत त्यांना जमत असे. "आवाज लाकडातनं चालत येतो," ते सांगत, "त्याला वाटच ठेवायची नाय."

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एकेरी फळ्या होत्या. पडवीत मामा काम करीत, माजघरात मामी असत, आणि दिवसभर त्या फळ्यांमधून संसार चाले. मामींचा आवाज खणखणीत. "अवो, आयकलंत काय, च्या निवतो हाय," असं आतून आलं की मामा हातोडीने फळीवर एक टोला द्यायचे. म्हणजे आलो. लोकांची घरं शांत करता, मग स्वतःचं का नाही, असं मी एकदा चिडवलं. मामा हसले. "हिचं बोलणं आडवील अशी भिंत मला बांधता येते बाई. बांधवत नाय."

मग मामींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांना आवाज सोसेना. करवत चालू झाली की त्यांचा चेहरा वेडावाकडा होई आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागे. ज्या करवतीवर घर चाललं तीच आता त्यांच्या जिवावर उठली होती. मामांनी सगळं सामान उचललं आणि परसातल्या फणसाखाली नेलं. मुलगी लग्न होऊन मुंबईला, मी दिवसभर शाळेत. एका दुपारी मामा पाणी प्यायला घरात आले तर मामी खाटेखाली पडलेल्या. कधीपासून, कुणास ठाऊक. डाव्या हाताने खाटेचा पाय बडवून बडवून त्यांची बोटं सोलवटली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पडवी आणि माजघर यांच्यामधल्या एकेरी फळ्या काढून नवी भिंत बांधायला घेतली. किंजळीच्या फळ्यांच्या दोन भिंती, मध्ये वीतभर जागा. अलीकडच्या फळ्यांचे खांब वेगळे, पलीकडच्यांचे वेगळे, कुठेही एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. मधल्या पोकळीत गिरणीवरून आणलेलं भाताचं तूस चुना मिसळून ठासून भरलं. काम संपल्यावर त्यांनी मला आत मामींजवळ बसवलं आणि पडवीत जाऊन करवत चालवली. मामी माझ्याकडे शांत बघत राहिल्या. करवत चालू आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

पण त्या भिंतीत मामांनी एक जागा मुद्दाम राखली होती. मामींच्या डाव्या हाताशी शिसवाची एक खुंटी दोन्ही भिंतींतून आरपार नेली होती. तिच्यावर आत टिचकी मारली तरी पडवीत टक् असं वाजायचं. "सगळ्या वाटा बंद केल्या," मामा म्हणाले, "हिची तेवढी ठेवली."

एकदा वाजलं म्हणजे पाणी हवं. दोनदा वाजलं म्हणजे काही नको, नुसतं या. मामा पलीकडून खुंटीवर एक टोला देऊन हातातलं काम टाकून येत. पाण्यापेक्षा दुसरीच खूण जास्त वाजायची. वाजलेलं करवतीच्या आवाजात बुडू नये म्हणून मामा चार हात चालवून थांबत, खुंटीकडे बघत आणि मग पुढे कापू लागत. एरवी तासाभराचं काम त्यांना दुपारभर पुरे.

दुसऱ्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मामी गेल्या. मामांनी पंधरवड्याने पुन्हा काम धरलं. शाळेतून येताना मला पडवीतली करवत ऐकू येई. चार हात चाले आणि थांबे. पुन्हा चाले, पुन्हा थांबे. थांबायची आता गरज नव्हती, पण हे त्यांना कुणी सांगायचं? मला तर नाहीच सांगवलं.

शिमग्याला मुलगी येणार म्हणून एका रविवारी मी माजघर झाडायला घेतलं. खाटेमागची जळमटं काढताना केरसुणीची मूठ खुंटीवर दोनदा आपटली. टक्, टक्.

पलीकडून लगेच एक टोला आला.

मी जागच्या जागी उभी राहिले. मामा धावत दारात आले. अंगावर भुसा, हातात हातोडी. त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग केरसुणीकडे.

"तुमी होय बाई," ते म्हणाले.

चुकून लागलं, एवढंच मी पुटपुटले. ते मान हलवून वळले, उंबऱ्यापाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पडवीत जातो. परत एकदा वाजवाल? दोनदा."

ते गेले. मी खुंटीवर दोनदा वाजवलं. बराच वेळ कान देऊन उभी राहिले. टोला आला नाही. मामांनी ती भिंत इतकी नेकीने बांधली होती की पलीकडे माणूस रडत असला, तरी अलीकडे काही ऐकू येत नव्हतं.