मोसंबीवरचा नेम

मंठ्याचे बंदूकवाले काका महागडी बंदूक आधी दाखवतच नाहीत. ‘उंदरांना अन् नेमाला हीच बराबर. जादा खर्चा कशाला?’ म्हणत सगळ्यात स्वस्त छर्र्याची बंदूक हातात देतात आणि दुकानामागच्या भिंतीशी टांगलेल्या मोसंबीवर नेम धरायला लावतात.

माझा पहिलाच छर्रा घुसला, रस ठिबकला! ‘बसला! बसला!’ ओरडत मी बंदुकीसकट गर्रकन वळलो.

काकांनी बोटानं नळी खाली दाबली आणि बंदूक काढून घेतली. ‘नेम बिलकुल पक्का. पर नळी माझ्याकडं आल्ती. पुढच्या बाजारी या.’

पुढच्या बाजारी माझे तिन्ही छर्रे भिंतीला लागले. बंदूक पोत्यावर ठेवूनच मी वळलो.

‘चुकले, काका.’

काका तसल्याच नव्या बंदुकीच्या खोक्याला सुतळी बांधत होते.